उतरायची खोली

तुळजापुरात आमच्या घरचं कुणीही लॉजवर उतरत नाही. पुजारी ठरलेले, त्यांचा वाडा ठरलेला आणि वाड्यातली माडीवरची खोलीही ठरलेली. आजोबांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय. ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी आहे, अशा कितीतरी घरांचं हेच आहे. भोपे, पाळीकर, उपाध्ये ही तिथल्या सेवेकऱ्यांची जुनी घराणी. कोणत्या गावचा, कोणत्या आडनावाचा यात्रेकरू कुणाच्या घरी जाणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. एसटीतून उतरलं की स्टँडवरच कुणीतरी विचारतं, "पुजारी कोण तुमचे?" नाव सांगितलं की तो माणूस बोळाकडं हात करतो. पुढं आपली वाट आपल्याला माहीत असते.

या खोलीबद्दल लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. अशा खोल्या आता झपाट्यानं कमी होताहेत. देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांमधून जुने वाडे पडून तीन-तीन, चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. 'अटॅच बाथरूम, चोवीस तास गरम पाणी, पार्किंग' अशा पाट्या लागल्या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन आलेल्यांना या सोयी लागतात, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. पण आमच्या पुजाऱ्यांचा वाडा अजून उभा आहे, ती खोली अजून आहे, आणि ती कशामुळं राहिली हे मला जवळून बघायला मिळालंय.

दोन पायऱ्या चढून दिंडी दरवाजातून आत गेलं की ढाळज. दोन्ही अंगांना बसायचे दगडी कट्टे, मधून वाट. अनोळखी माणूस इथंच टेकतो, ओळखीचा सरळ चौकात जातो. चौकाच्या चारी बाजूंना सोपे, सागवानी खांब, खांबांखाली काळ्या दगडाचे तळखडे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांतच. डावीकडच्या सोप्याच्या कोपऱ्यात जिना आहे, पण तो पटकन दिसत नाही, कारण तो भिंतीच्या पोटातून वर जातो. एवढी जाड भिंत. पायऱ्या उंच, अंधाऱ्या. चढताना उजवा तळवा आपोआप जिथं टेकतो, तिथला दगड काळा आणि गुळगुळीत झालाय. वरखालचे दगड मात्र अजून खरबरीत आहेत. किती तळवे टेकले असतील तिथं! त्यात माझ्या पणजीचाही आहेच.

वर खोलीचं दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आतून लावायला लोखंडी कडी आहे, पण जुनी आगळही शाबूत आहे: भिंतीतल्या भोकातून ओढून काढायचा लाकडी दांडा. खोली तीन खणांची. एका भिंतीत ओळीनं दिवळ्या, त्यांच्या वरच्या अंगाला जुन्या पणत्यांची काजळी. काकांनी, म्हणजे आमच्या पुजाऱ्यांनी, रंग देताना दिवळ्यांना हात लावू दिला नाही. खुंट्यांवर आमच्या पिशव्या, कोपऱ्यात गाद्यांची चळत, तिच्यावर घडी घातलेल्या वाकळा. या वाकळा वाड्यातल्या आजींनी शिवलेल्या. जुन्या लुगड्यांचे पदर वर घेतलेत, आणि टाके इतके बारीक आणि सरळ की उजेडाकडं धरून बघितलं तरी ओळ कुठं चुकलेली दिसत नाही. फक्त एका वाकळेत मधेच धागा बदललाय. पांढरा संपला असणार आणि आजींनी हिरवा ओवला असणार. लहानपणी मी तीच वाकळ मागून घ्यायची.

आणि वर माळवद. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मधोमध उजेडासाठी साणं ठेवलंय, त्यावर आता काच बसवलीय. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढं असतो, देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नाही. तशा दुपारी देवदर्शन उरकून वाकून या खोलीत शिरलं की अंगावरून गार पाणी ओतल्यासारखं वाटतं. पंखा आहे, पण दुपारभर तो कुणी लावत नाही.

पहाटे देवळातला चौघडा इथं स्वच्छ ऐकू येतो. मग चरणतीर्थ, म्हणजे देवीची पहाटेची पूजा, मग अभिषेकाची गडबड. जिन्याखालून वाड्यातल्या वहिनींचा आवाज येतो, "पाणी तापलंय, उरका बिगीबिगी!" चौकाच्या मागं तांब्याचा बंब धुमसत असतो. कल्लोळ तीर्थावर जायचं, पायऱ्या उतरून देवळात जायचं, परत येऊन नैवेद्याचं पान वाढायचं. ही सगळी धावपळ त्या खोलीतून सुरू होते आणि खोलीतच येऊन टेकते.

तुळजापूर झोपेला फार मानतं. इथली देवीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, आणि तेही वर्षातून तीनदा. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याच्या निद्रेसाठीचा पलंग दरवर्षी नवा येतो. तो पुणे जिल्ह्यात घोडेगावला घडतो आणि जुन्नरवरून, नगरकडून, ठिकठिकाणी मुक्काम करत तुळजापूरला पोचतो. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. देवीला विसावा मिळावा म्हणून लोक इतक्या लांबून लाकूड खांद्यावर वाहून आणतात, वाटेतली गावं त्या रिकाम्या पलंगाला हळदकुंकू वाहतात. सुतारकाम करणारे, वाहून आणणारे, मधल्या मुक्कामांची सोय बघणारे, सगळ्यांचे मान ठरलेले. ज्या गावात देवीच्या झोपेची एवढी तजवीज होते, तिथं आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणं हा सेवेचाच भाग मानला जाणार, यात नवल नाही.

पण ही सेवा कोण करतं, हेही बोललं पाहिजे. देवी श्रमनिद्रेत असते ते पाच दिवस गावात सगळ्यात जास्त वर्दळ असते. कोजागिरीला सोलापूरहून लोक रात्रभर चालत येतात, तिकडून मानाच्या काठ्या येतात. पंचेचाळीस किलोमीटर चालून आलेल्या माणसांनी वाडा भरतो. ढाळजेत माणसं, सोप्यात माणसं, माडीवर माणसं. त्या रात्री वहिनींच्या पाठीला भुई लागत नाही. पूजा पुजारी करतात, पाळी पुजाऱ्यांची असते, वहीत नावही त्यांचंच लागतं. गाद्या उन्हात टाकणं, बंबात लाकडं सारणं, पुरण शिजवणं, चादरी धुणं, कुणाच्या लेकराला ताप आला तर मध्यरात्री काढा देणं हे सगळं घरातल्या बायांकडं. पूर्वी जाताना आपल्या मनानं दक्षिणा ठेवायची, सोबत आणलेला शिधा द्यायचा अशी रीत होती. दक्षिणा पुजाऱ्यांच्या हातात जायची. काही वर्षांपूर्वी या वाड्यानं खोलीचं रोजचं भाडं ठरवलं, आणि ते वहिनींच्या हातात द्यायचं असं काकांनी स्वतःच सांगितलं. आमच्यातल्या काही जुन्या माणसांना ते रुचलं नाही. देवीच्या दारात भाडं कसलं, असं ते म्हणाले. मला मात्र ते फार योग्य वाटलं आणि आजही वाटतं. दक्षिणा आपल्या खुशीची असते. कष्टाचा मोबदला देणाऱ्याच्या खुशीवर सोडू नये.

या पैशांची जुनी नोंदही त्या घरात आहे. काकांकडं यात्रेकरूंच्या जुन्या चोपड्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या. काही पानं मोडीत, काही बाळबोधीत. गाव, आडनाव, आलेल्यांची नावं, काय दिलं, कोणता कुलाचार केला. एका चोपडीत रकमेपुढं कुठं 'हाली' आणि कुठं 'कलदार' असं लिहिलेलं मी पाहिलं. तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार, आणि कलदाराचा भाव थोडा चढा. सोलापूरकडून येणाऱ्या यात्रेकरूला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून यावं लागायचं. म्हणजे कुलस्वामिनीला यायचं तर राज्य बदलायचं, नाणंही बदलायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर हळूहळू चोपडीतून 'हाली' नाहीसं होतं. काका ती पानं फार जपून उलटतात. आमच्या पणजोबांच्या नावापुढं त्यांनी बोट ठेवलं तेव्हा आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

एवढं सगळं असूनही ही खोली मधली बरीच वर्षं बंद होती. कारण होतं ३० सप्टेंबर १९९३.

त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली, सरकारी नोंदीप्रमाणं ७,९२८ माणसं गेली. तुळजापूर त्या पट्ट्यापासून फार लांब नाही. गाव हादरलं, वाड्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला, पण वाडा उभा राहिला. तरी त्यानंतर माळवदाखाली झोपायची हिंमत कुणाला राहिली? परभणीकडं आमच्या गावातही लोक कितीतरी दिवस अंगणात बाजा टाकून झोपत होते. आभाळाखाली थंडी वाजली तरी चालेल, पण मातीखाली नको, अशी गत. मराठवाड्यातली कितीतरी चांगली घरं भूकंपानं पडली नाहीत, ती नंतरच्या भीतीनं पाडली गेली. त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. दहा फूट लांब-रुंद जागेवर दोन फूट माती असली तर ती नऊ-दहा टन भरते. ते वजन डोक्यावर घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या झोपत होती.

पण नुसतं मातीकडं बोट दाखवून भागत नाही. किल्लारीत घरं पडली त्याचं मोठं कारण भिंतींत होतं. जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात: एक बाहेरची, एक आतली, मधे दगडगोटे आणि चिखल. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नसले, तर हादऱ्यानं त्या पोट फुगून सुटतात. छताचा भार अशा भिंतीवर असेल तर माळवद सरळ खाली येतं. जिथं तुळया स्वतःच्या लाकडी खांबांवर होत्या, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंत बाहेर ढासळली तरी छत खांबांवर तरलं. आणखी एक गोष्ट म्हणजे दरवर्षी गळतीवर उपाय म्हणून वर नवी माती टाकायची सवय. जुनी कुणी काढायचं नाही, त्यामुळं थर वाढतच जायचा. भूकंपानंतर अभियंत्यांनी गावोगाव हेच समजावून सांगितलं: माती कमी करा, भिंतीत आरपार जोड द्या, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या.

आमच्या पुजाऱ्यांच्या धाकट्या मुलानं हे मनावर घेतलं. तो स्थापत्य शिकलेला. वाडा पाडून लॉज बांधायचं घरात जवळजवळ ठरत आलं होतं, नकाशाही काढून झाला होता. त्यानं सांगितलं, माडीची एक खोली मला दुरुस्त करू द्या, मग काय ते ठरवा. माळवदावरची माती खणून उतरवली तेव्हा ती दोन फुटांच्याही वर भरली. तक्तपोशीच्या दोन फळ्या किडल्या होत्या, बाकी सागवान टणक. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात लोखंडी सळईसकट सिमेंटचे जोड भरले. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे लाकडी धिरे ठोकले. आता गादीवर पडलं की ते धिरे दिसतात. जुन्या तुळया काळपट, हे लाकूड अजून पिवळसर. मुद्दाम रंग देऊन ते लपवलं नाही, हे मला फार आवडलं. मग फळ्यांवर जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि चाळलेली तीच माती, पण एक फुटाच्या आत. काका म्हणतात, खोली आता पहिल्यासारखी गार राहत नाही. असेल. पण आई तिथं झोपली तेव्हा मीही बिनघोर झोपले. मला ते मोलाचं वाटतं.

खोली उघडली, खाली चौकाला लागून स्वच्छ संडास-न्हाणी बांधली. नंतर अजून दोन खोल्या झाल्या. नवरात्र आणि पौर्णिमा सोडून उरलेल्या दिवसांत आता नुसते फिरायला आलेले लोकही इथं राहतात. कुणी नळदुर्गचा पाणीमहाल बघायला जाणारे, कुणी तेरची विटांची जुनी देवळं बघायला आलेले. त्यांचे पुजारी इथं नसतात, चोपडीत आडनाव नसतं. वहिनी त्यांनाही तशीच वाकळ देतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुन्या वाड्यात राहण्याची हौस आता वाढलीय, आणि त्या हौसेपोटी काही ठिकाणी मराठवाड्यातल्या वाड्याला भलतंच रूप दिलं जातं. ढाळजेत राजस्थानी झोपाळा, भिंतीवर कुठल्याशा राजाची पगडी, साण्याखाली झुंबर. इथल्या घरांकडं त्यांचं स्वतःचं इतकं आहे की उसनं आणायची गरज नाही. तळखड्यावरची एखादी कमळाची पाकळी, आगळीचा दांडा, भिंतीतला जिना, पाहुण्याला हे दाखवावं, त्याची माहिती द्यावी. त्याला दुपारी माळवदावर न्यावं आणि पांढरी माती चोपून चोपून कशी घट्ट करतात ते सांगावं. एवढं बघून कुणी नाराज होऊन जाईल असं मला वाटत नाही.

रिकामा वाडा फार दिवस राहत नाही. पावसाळ्यात वर गवत उगवतं, ते वेळेवर उपटलं नाही तर मुळं मातीत वाट काढतात, मग पाणी तीच वाट धरतं. पन्हाळीत पाला अडकला की एका रात्रीच्या पावसात तुळईचं टोक भिजतं, आणि भिजलेल्या टोकाला वाळवी लागते. घरात माणसं राहती असली की कुणीतरी फावडं घेऊन वर जातंच, भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन. त्या खोलीत आम्ही झोपतो म्हणून ती गळते की नाही हे कुणीतरी बघतं. पुजाऱ्यांच्या गल्लीतल्याच एका वाड्याची मंडळी पुण्याला गेली. तीन पावसाळ्यांत त्याचं मागचं माळवद खाली आलं.

यंदा आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खणांचं काम आहे. माळवद चोपणारे जे आजोबा दरवर्षी यायचे, त्यांना आता वर चढवत नाही. त्यांचा नातू स्लॅबच्या सेंट्रिंगची कामं करतो. तो म्हणाला, शिकतो, पण रोजी सेंट्रिंगएवढी पाहिजे. ती द्यायची असं ठरलंय. माती विकत घ्यायची नाही. पूर्वी गढीची पांढरी माती मिळायची, गावोगावच्या गढ्या अशाच खणून खणून बसल्या. म्हणून उतरवलेली जुनी मातीच चाळून परसात ताडपत्रीखाली ठेवलीय. आजोबा खाली खुर्चीवर बसून सांगणार आणि नातू वर चोपणार. आईनं परवा वहिनींना फोन केला, कोजागिरीच्या खोलीचे पैसे आत्ताच पाठवते म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "पाठवा, मजुरीला व्हतील. मिरगाच्या आत काम उरकाया पायजे. आन् औंदा तुम्ही खालीच झोपा, जिना चढू नका." आईनं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, माझी गादी वरच टाकायला सांग, मी बसत बसत चढेन.